अंतरपाट आणि केक: खान्देशात दोन रीतींचं लग्न बसवताना

मुलगा शिरपूरचा, नोकरी म्युनिकला, सून तिकडचीच. किंवा दोघंही इथलीच, एक चाळीसगावचं, एक साक्रीचं. पण मुलीला संध्याकाळी गाऊन घालायचाय आणि मुलाला सगळ्यांसमोर चार शब्द बोलायचेत. खान्देशात अशी लग्नं आता नवलाची राहिली नाहीत. त्यात घोळ होतो तो बहुतेक एकाच कारणाने: दोन पूर्ण लग्नं एकावर एक रचली जातात. हळद, देवक, मुहूर्त, पंगत, वरात हे सगळं आहेच, त्यावर वडिलांसोबत चालत येणं, अंगठ्या, शपथा, केक, भाषणं, नाच. संध्याकाळी आठ वाजता नवरी खुर्चीवर डुलक्या घेते आणि फोटोवाला तिला हसायला सांगत असतो.

म्हणून पहिलं काम यादी वाढवायचं नाही. दोन्ही रीतींत एकच काम करणाऱ्या गोष्टी शोधायच्या आणि त्यातली एक ठेवायची. अशा जोड्या वाटतात त्याहून बऱ्याच निघतात.

काय ठेवायचं, काय सोडायचं

अंतरपाट घ्या. मंगलाष्टकं संपेपर्यंत वधूवरांनी एकमेकांना पाहायचं नाही, पाट खाली आला की पहिली नजर. पाश्चात्त्य लग्नातही नवऱ्याने नवरीला आधी पाहू नये असा समज आहे, आणि आता त्याचंच 'फर्स्ट लूक' नावाचं फोटोशूट झालंय. फोटोवाला ते सकाळी दहाला उरकायला सांगतो, कारण नंतर गर्दी होते. ते केलंत तर दुपारी अंतरपाट खाली येईल तेव्हा चेहऱ्यावर काहीच उमटणार नाही. त्यापेक्षा अंतरपाट हाच फर्स्ट लूक ठरवा. एक कॅमेरा नवरदेवाच्या खांद्यामागून, दुसरा नवरीच्या, आणि पाट धरणाऱ्या दोघांना सांगून ठेवा की तो वर झटकायचा नाही, सावकाश खाली आणून एका बाजूला ओढायचा. मामालोकही मध्ये उभे राहतात. त्यांना अर्धं पाऊल मागे उभं करा.

कन्यादान आणि वडिलांनी मुलीला हात धरून आणणं, दोन्हींचा अर्थ एकच. कन्यादान करायचं असेल तर संध्याकाळी मुलीसोबत आई-वडील दोघांनी चालत यावं; 'पुन्हा सोपवणं' नको. मुलीला कन्यादान नको असेल, आणि हल्ली अनेकींना नको असतं, तर ते गुरुजींशी महिनाभर आधी बोला, मांडवात नाही. आपल्याकडे नवरीला मामा आणतो, हा मान मामाचाच राहू द्या. तो काढून घेतला तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल.

तांदूळ तिकडेही उधळतात, त्यामुळे अक्षता एकदाच. संध्याकाळी फक्त पाकळ्या. कुंकवात रंगवलेल्या अक्षता पांढऱ्या कापडावर डाग पाडतात, हेही एक कारण. अंगठी साखरपुड्याला झालेली असते. लग्नात दुसरी साधी वळी घालायची असेल तर ती मंगळसूत्रानंतर लगेच घाला, संध्याकाळसाठी वेगळा सोहळा नको. ब्राइड्समेड म्हणजे आपली करवलीच. तिच्या हातात कऱ्हा-दिवा असतो, तिकडच्या मैत्रिणींच्या हातात फुलं. एकसारख्या रंगाच्या साड्या दिल्या की झालं, पण साडी नेसवायला माणूस ठेवा. पाच परदेशी मैत्रिणींना साड्या नेसवायला एका बाईला पाऊण तास सहज लागतो.

सगळ्यात छान जुळतात सप्तपदी आणि शपथा. सातही पावलांचे मंत्र मुळात शपथाच आहेत: अन्नासाठी, बळासाठी, धनासाठी, सुखासाठी, संततीसाठी, ऋतूंसाठी आणि सातवं पाऊल सख्यासाठी. प्रत्येक पावलाला गुरुजींनी मंत्र म्हणावा, मग नवरा-नवरीने आळीपाळीने आपलं एकेक वाक्य म्हणावं. वाक्य लहान, वीस सेकंदांच्या आत. मराठी आणि इंग्रजी दोन्हींत म्हटलं तरी सगळं दहा मिनिटांत होतं. कागद करवलीने धरायचा, कारण नवरीचा एक हात नवऱ्याच्या हातात आणि दुसरा शालू सावरण्यात गुंतलेला असतो. माइक हातातला घ्या. कॉलर माइक जरीवर आणि दागिन्यांवर घासून इतका खरखरतो की रेकॉर्डिंगमध्ये वाक्य ऐकूच येत नाही.

इथे खान्देशी मांडवाची एक खोड आडवी येते. शेवटचं 'सावधान' झालं, टाळ्या वाजल्या की अर्धा मांडव पंगतीकडे धावतो आणि होम, सप्तपदी चार घरच्या माणसांत उरकते. सातासमुद्रापलीकडून आलेले लोक नेमकं तेवढ्यात हात धुवायच्या रांगेत असतात. म्हणून होमाभोवती पन्नास-साठ खुर्च्या आधीच अर्धवर्तुळात मांडून ठेवा आणि निवेदकाला घोषणा करायला सांगा. पंगत चालू राहू द्या, ती अडवायची नाही.

कायदा आधी, पत्रिका नंतर

दोघंही हिंदू असतील (कायद्याच्या दृष्टीने यात बौद्ध, जैन, शीखही आले) तर हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू होतो आणि सप्तपदीची रीत असेल तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. नंतर नोंदणी करायची. पण एक जण ख्रिश्चन किंवा अन्य धर्माचा असेल तर सप्तपदी कितीही साग्रसंगीत करा, या कायद्याखाली ते लग्न ठरत नाही. हिंदू-ख्रिश्चन विवाहाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. अशा जोडप्यासाठी सरळ वाट म्हणजे विशेष विवाह कायदा, १९५४.

त्यात तारखांचं गणित महत्त्वाचं. नोटीस द्यायच्या आधी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं. नोटीस दिल्यावर ३० दिवस हरकतींसाठी. आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती बाद. म्हणजे १५ डिसेंबरला नोटीस दिली तर १४ जानेवारीनंतर आणि १५ मार्चच्या आत सही झाली पाहिजे. मुलगा म्युनिकहून दहा दिवसांच्या रजेवर येणार असेल तर हे बसत नाही. तो मध्ये एकदा महिनाभर येऊन राहतो का, की आधी तिकडेच नोंदणी लग्न करून इथे फक्त विधी करायचे, हे सहा महिने आधी ठरवा.

परदेशी वधू किंवा वराचं अविवाहित असल्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यांचा देश आणि भारत यांच्यात हेगचा अपोस्टिल करार लागू असेल तर त्यावर अपोस्टिल शिक्का (कागद खरा असल्याची सरकारी खूण), इंग्रजी नसेल तर प्रमाणित भाषांतर. ते फार जुनं नको. कागद कोणते आणि किती ताजे हवेत हे जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारून लेखी उतरवून घ्या. सहीला तीन साक्षीदार लागतात. मुहूर्ताच्या दोन-तीन दिवस आधी सही उरकणं उत्तम. मात्र व्हिसाच्या अर्जात लग्नाची तारीख म्हणून दाखल्यावरचीच तारीख लिहायची, पत्रिकेवरची नाही. ही चूक फार जण करतात आणि मग खुलाशांची पत्रापत्री होते.

खरं चर्चमधलं लग्न हवं असेल तर ते वेगळं प्रकरण. कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा न झालेल्या जोडीदारासाठी बिशपांची परवानगी आणि विवाहपूर्व वर्ग लागतात. फादरांना निदान सहा महिने आधी भेटा. लॉनवर पांढऱ्या कमानीखाली उभं राहणं म्हणजे चर्चचं लग्न नव्हे, हे घरच्यांनाही समजावून सांगा.

तारीख

परदेशातल्या लोकांना सुट्टी नाताळात. आपल्याकडे नेमका तेव्हा धनुर्मास, डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत मुहूर्त नाहीत. एप्रिल-मेमध्ये मुहूर्त भरपूर, पण जळगाव-भुसावळचा पारा ४३-४५ वर. थंड देशातली सत्तरीची माणसं त्या उन्हात मांडवात बसवणं धोक्याचं आहे. उरतात दोन खिडक्या: तुळशीच्या लग्नापासून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, आणि संक्रांतीनंतर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. दुसरी जास्त सोयीची, कारण तोवर चर्चचा उपवासकाळही बहुधा सुरू झालेला नसतो आणि भरताची वांगी ऐन बहरात असतात. रात्री थंडी असते, लॉनवर जेवण असेल तर शेकोट्या मांडा.

मुहूर्त दुपारचा घ्या. गोरज मुहूर्त दिसायला सुंदर, पण जानेवारीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि संध्याकाळचा सगळा कार्यक्रम त्याच्यावर आदळतो.

दिवस कसा बसतो

आदल्या दिवशी मांडव, देवक, सकाळी हळद. लग्नाचा दिवस साधारण असा:

८.०० नवरीचं तयार होणं सुरू
१०.४५ नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला
१२.३० मुहूर्त, मंगलाष्टकं, हार
१२.५० मंगळसूत्र, अंगठ्या, होम, सप्तपदी
१.०० पासून पंगती
३.०० ते ५.०० विश्रांती आणि कपडे बदलणं
५.१५ मोजक्या लोकांचे फोटो
६.०० नवरीचं आगमन, तीन भाषणं
६.४५ केक
७.१५ जेवण
८.३० नाच
१०.०० आवाज बंद

यात कच्चा दुवा एकच, मारुतीचं दर्शन. बँडवर अहिराणी गाणं लागलं की मित्र नवरदेवाला घोड्यावरून उतरू देत नाहीत आणि मांडवात बायका विचारत बसतात, "नवरदेव कथा शे?" (कुठे आहे?) दीड तास असाच जातो. बँडवाल्याशी करार करताना वेळेवर पैसे बांधा: ठरलेल्या वेळेला मांडवाच्या दारात वाजवणं थांबवलं तर उरलेली रक्कम, नाहीतर कापून. मित्रांना विनंती करण्यापेक्षा हे लागू पडतं. नाच हवाच असेल तर पाऊण तास लवकर निघा.

परदेशी पाहुणे पत्रिकेवरच्या वेळेला, मिनिटही न चुकता येतात आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसतात. त्यांना वेगळं कार्ड द्या, त्यात काय कधी आणि किती वेळ, कुठे चपला काढायच्या, कुठे बसायचं. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक कायद्याने बंद, म्हणून नाच शेवटी ठेवायचा तर जेवण लवकर.

कपडे

गाऊन घालून पाटावर मांडी घालता येत नाही, ही साधी गोष्ट शेवटपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय गाऊनची जाळी बहुतेक नायलॉनची, होमाच्या ठिणगीने ती क्षणात वितळून अंगाला चिकटते. विधींना शालू किंवा नऊवारी, गाऊन फक्त संध्याकाळी. मधले दोन तास खरोखर लागतात: आंबाडा सोडून केस पुन्हा बांधायलाच पाऊण तास.

हळदीचा डाग हा खरा शत्रू. आदल्या दिवशीची हळद मानेच्या मागे आणि काखेत राहते आणि मोतिया रंगाच्या अस्तराला पिवळी कड येते. मान आणि दंडांना हळद नुसती बोटाने लावा, रात्री बेसन-दुधाने धुवा, सकाळी पांढऱ्या रुमालाने पुसून पाहा. रुमाल पिवळा झाला तर पुन्हा. मेंदी निदान दोन दिवस आधी.

घरातल्या म्हाताऱ्या बायकांना पांढरं खटकेल. मोतिया रंग, त्यावर सोनेरी किंवा लाल काठाची ओढणी, आणि हातात हिरवा चुडा तसाच ठेवला तर बहुतेक वेळा कुरकुर थांबते. चुडा उतरवायचा नसतोच, मग तो गाऊनवर शोभेल असाच निवडा.

चालत यायच्या वाटेवर गालिचा किमान पाच फूट रुंद हवा, कारण गाऊनचा घेर आणि शेजारी आई-वडील. लॉनला सकाळी पाणी मारलं तर काळ्या मातीत टाच रुतते. पाणी आदल्या रात्रीच मारायला सांगा, आणि टाच जाड घ्या. पन्नास फूट चालायला एक मिनिटही लागत नाही, चार मिनिटांचं गाणं लावलं तर ती पोचल्यावर सगळे उगाच उभे राहतात.

जेवण

दुपारी गाव, संध्याकाळी निवडक दीडशे-दोनशे, अशी सरळ विभागणी करा. दुपारी वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. शंभर पानांना अंदाज असा धरा: जाडसर दळलेले गहू चौदा किलो आणि मका दोन किलो, तूरडाळ सहा किलो, वांगी बारा किलो, वरून वाढायला तूप तीन ते चार किलो. बट्टी उकडून ठेवता येते, पण तळायची पंगत बसल्यावरच. मुहूर्त तासभर लांबला आणि बट्ट्या आधीच तळल्या असतील तर त्या दगड होतात, मग कितीही तूप ओता.

ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी एका बाजूला टेबल-खुर्च्या, पण पान तेच आणि वाढपीही तेच. परदेशी पाहुण्यांना वेगळ्या खोलीत सँडविच देणं हा पाहुणचार नाही.

तिखटाचं काय? भाजीत नंतर पाणी घालून ती सौम्य होत नाही, फक्त बेचव होते. आचाऱ्याला काळा मसाला पडण्याआधी एक पातेलं बाजूला काढायला सांगा. भरताचं सोपं आहे: मिरच्या वेगळ्या भाजून ठेचतात, त्यामुळे बिनमिरचीचा घाणा बडगीत (भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात) आधी काढायचा. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या काड्यांच्या) जाळावर वांगी भाजणं पाहुण्यांच्या समोरच होऊ द्या, कुठल्याही लाइव्ह काउंटरपेक्षा तिथे जास्त गर्दी होईल.

तिखटापेक्षा गंभीर आहे शेंगदाणा. आपल्या भाजीत कूट, भरतात दाणे, तेलही शेंगदाण्याचं. तिकडच्या काही लोकांना त्याची जीवघेणी ॲलर्जी असते. निमंत्रणाच्या उत्तरातच हे विचारून घ्या. असा एक जरी पाहुणा असला तर त्याच्यासाठी वेगळं तेल, वेगळी कढई, वेगळा डाव, आणि त्याच्यासोबत मराठी येणारा एक माणूस. "थोडंसंच आहे" असं म्हणून आग्रहाने वाढणाऱ्या काकूंना आधी गाठा.

केक आणि टोस्ट

पन्नास ग्रॅमचा तुकडा धरला तर किलोला वीस तुकडे. दीडशे माणसांना आठ किलो. तो सगळा तीनमजली नको. वरचा मजला खरा, खालचे थर्माकोलचे, आणि बाकीचा साधा चौकोनी केक आत कापून ताटल्यांतून. अंड्याशिवाय, हे बेकरीला लेखी द्या. शहरातून आणताना मजले सुटे आणा, गाडीच्या सपाट तळावर ठेवा, मांडीवर नाही; गतिरोधकाला मांडीवरचाच केक आधी कलतो. तिशीच्या वर पारा गेला की बटरक्रीम ढिली पडते, म्हणून केकच्या फ्रीजला जनरेटरची वेगळी लाइन, आणि तो कापायच्या वीस मिनिटं आधीच बाहेर.

टोस्टला, म्हणजे वधूवरांच्या नावाने ग्लास उंचावताना, त्यात शॅम्पेनच हवी असं काही नाही. उसाचा रस आलं-लिंबू घालून उंच ग्लासांत दिला तर फोटोही चांगला येतो. दारू ठेवायचीच असेल तर उत्पादन शुल्क विभागाचा परवाना आधी काढा, आणि आजोबांशी आधी बोला. भाषणं तिघांची, प्रत्येकी तीन मिनिटं. भाषांतर धरलं की त्याची सहा होतातच.

पाहुणे

परदेशी माणूस तुमच्या घरी मुक्कामाला असेल तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरावी लागते. हॉटेल ती स्वतः भरतं. घरी ठेवणार असाल तर पासपोर्ट-व्हिसाचे फोटो आधीच मागवून ठेवा.

आहेराची वही, टोपी-टॉवेल, ओटी याबद्दल सांगून ठेवा. भर मांडवात अचानक डोक्यावर टोपी ठेवून खांद्यावर टॉवेल टाकला की माणूस गांगरतो. अर्थ माहीत असेल तर तोच टॉवेल घडी करून विमानाने घरी नेतो. व्याहीभेटीत गळाभेट दोन्ही बाजूंना जमते, तिथे काही शिकवायला नको.

दुसऱ्या दिवशी सगळे मोकळे असतात, तेव्हा अजिंठा. जळगावहून साधारण साठ किलोमीटर, सकाळी लवकर निघालं तर दुपारी परत. लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे लग्न रविवारी असेल तर ही सहल लग्नाच्या आधी शुक्रवारी ठेवा, शनिवारी हळद आहे.